दहशतवाद, अनुबोधपट आणि पलीकडची माणसे

सुरतकरांस २००८ सालचा जुलै महिना विसरता यावयाचा नाही. २६ तारखेस अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले आणि ५६ माणसे प्राणास मुकली. त्यापुढील काही दिवसांत आपल्या वराछा भागात व इतरत्र मिळून २९ बॉम्ब सापडले. काही झाडांच्या फांद्यांत, काही जाहिरातींच्या फलकांमागे. त्यांतील एकही फुटला नाही. माणसे वाचली, हे आपले भाग्यच. परंतु न फुटलेला बॉम्बदेखील काही मागे ठेवून जातो. बेवारशी पिशवी दिसली की गर्दी मागे सरू लागली, आणि ‘ते लोक’ या दोन शब्दांनी आरंभ होणारी वाक्ये लहान मुलांच्याही तोंडी आली. ती त्यांनी रचलेली नव्हती. ऐकून पाठ झालेली होती.

अशा पाठ झालेल्या वाक्यांच्या मागे कोण उभे आहे हे पाहावयाचे, तर वर्तमानपत्रास ते सहसा साधत नाही. त्यास उद्याची बातमी गाठावयाची असते. अनुबोधपटास मात्र थांबता येते. अनुबोधपट म्हटला की मुख्य चित्रपटापूर्वीचे धरणांचे नि पिकांचे सरकारी रीळ पुष्कळांना आठवेल. मी म्हणतो तो प्रकार निराळा. यात चित्रपट काढणारा स्वतःच्या दुःखापासून निघतो आणि ते दुःख ज्या दिशेने आले त्या दिशेच्या वस्तीत जाऊन राहतो.

हेमल त्रिवेदी या मुंबईत वाढलेल्या संकलिका. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची ‘कुबेर’ नौका बळकावून दहा तरुण मुंबईच्या किनाऱ्यास लागले व १६६ जणांचा बळी गेला. मृतांत त्रिवेदी यांच्या निकटच्या स्नेह्यांपैकी एक व्यक्ती होती. प्रथम मनात पाकिस्तानविषयी संतापच होता, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्या पाकिस्तानात गेल्या, आणि मोहम्मद अली नक्वी या पाकिस्तानी दिग्दर्शकाच्या साथीने ‘अमंग द बिलिव्हर्स’ हा अनुबोधपट त्यांनी सिद्ध केला. तो २०१५ साली प्रदर्शित झाला. त्यामागे काही वर्षांचे चित्रीकरण आहे.

इस्लामाबादची लाल मशीद आणि तिचा मौलाना अब्दुल अझीज हा चित्रपटाचा एक ध्रुव. २००७ च्या जुलैत पाकिस्तानी सैन्याने या मशिदीवर कारवाई केली, तीत मौलानाचा भाऊ, आई व मुलगा मारले गेले. मौलाना पडद्यावर आरडाओरड करीत नाही. तो मृदू बोलतो, हसतो. भय वाटते ते त्यामुळेच. त्याच्यासमोर एक अगदी लहानगा मुलगा त्वेषाचे भाषण घडाघडा म्हणून दाखवितो, आणि मौलाना कौतुकाने ऐकत असतो.

दुसऱ्या बाजूस बारा वर्षांची दोन मुले आहेत. मुलगा मदरशात राहतो. गरिबाघरच्या मुलास तेथे फुकट अन्न मिळते, निवारा मिळतो. हे आमिष लहान नव्हे. त्याचे घर मवाळ वळणाचे. पण तो हळूहळू त्या घरापासून दूर होत जातो. मुलगी मात्र मदरशातून पळून साध्या शाळेत दाखल होते, आणि शाळांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे तेही शिक्षण धोक्यात येते. माझा पेशा शिक्षकाचा असल्याने माझी दृष्टी या दोघांवरच खिळून राहिली. पाठांतर हा दोष नव्हे. पाढे आणि धर्मोपदेशाची प्रश्नोत्तरे आम्हीही अर्थ कळण्यापूर्वीच पाठ केली. परंतु कोणीतरी पुढे अर्थ विचारू दिला. त्या मुलाच्या वाटेत तो ‘कोणीतरी’ कधी येतो की नाही, याची वाट पाहत आपण बसतो. बातमी वाचताना अशी वाट कोण पाहतो?

१६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या सैनिकी शाळेत तालिबानने १३० हून अधिक विद्यार्थी मारले. त्याची छायाही या चित्रपटावर आहे. येथे भारतीय प्रेक्षकाची खरी पंचाईत होते. ज्यांस आपण एका शब्दात शत्रू म्हणत आलो, त्यांचेच आईबाप शवपेट्यांशी बसलेले असतात.

श्रोते हो, समजून घेणे म्हणजे सोडून देणे, असा एक आक्षेप यावर हमखास येतो. मला तो पटत नाही. अहमदाबादच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत ३८ जणांस फाशी व ११ जणांस जन्मठेप सुनावली. ते न्यायालयाचे काम. अनुबोधपटाचे काम वेगळे. इस्रायलच्या युली कोहेन गर्स्टेल यांची गोष्ट मात्र याहूनही पुढची आहे. १९७८ साली लंडनमध्ये विमान कर्मचाऱ्यांच्या बसवर झालेल्या हल्ल्यात त्या जखमी झाल्या, एक सहकारी ठार झाली. वीसहून अधिक वर्षांनी त्यांनी त्याच हल्लेखोराच्या सुटकेसाठी खटपट केली, आणि ‘माय टेररिस्ट’ (२००२) या चित्रपटात ती सांगितली. आम्ही ख्रिस्ती लोक क्षमेचे शब्द प्रार्थनेत नित्य उच्चारतो. तो चित्रपट पाहताना ते शब्द मला फार जड वाटले.

अशा चित्रांची वाट कोणत्याच देशात सोपी नसते. त्रिवेदी व नक्वी यांच्या चित्रपटास पाकिस्तानी परिनिरीक्षण मंडळाने २०१६ साली बंदी केली. देशाची प्रतिमा मलिन होते, असे कारण दिले. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’ (२००२) या अण्वस्त्रांवरील अनुबोधपटास अनेक काटछाटी सुचविल्या गेल्या होत्या. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो जसाच्या तसा दाखविण्याची मुभा दिली. पटवर्धनही त्यासाठी पाकिस्तानात गेले होते. लाहोरच्या एका शाळेत मुली वक्तृत्वाच्या आवेशात अणुबॉम्बची बाजू मांडताना त्यात दिसतात. भाषणे संपल्यावर दिग्दर्शक त्यांच्याशी साधेपणाने बोलू लागतो, तेव्हा त्यांचे स्वतःचे मत काही निराळेच असल्याचे ऐकू येते.