जकात, रूळ आणि वसाहत

बर्लिनहून स्वित्झर्लंडला माल धाडायचा, तर १८१९ मध्ये जर्मन व्यापाऱ्याला दहा राज्यं ओलांडावी लागत. दर सीमेवर जकात नाका आणि दर नाक्यावर निराळे नियम. हे गाऱ्हाणं फ्रीडरिख लिस्ट या अर्थतज्ज्ञाने व्यापाऱ्यांच्या वतीने फ्रँकफुर्टच्या संघसभेपुढे मांडलं. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये व्हिएन्नात जमलेल्या सत्ताधीशांनी ३९ जर्मन राज्यांची एक सैलसर मोट बांधली होती. संघसभा ही त्यांच्या राजदूतांची बैठक. तिने लिस्टचा अर्ज बासनात गुंडाळला.

एकोणिसाव्या शतकातला युरोप शिकताना राष्ट्रवाद, औद्योगिकीकरण आणि साम्राज्यवाद हे तीन धडे आपण सुटे वाचतो. जर्मनीत या तिघांचा व्यवहार एकाच वहीत लिहिलेला सापडतो, आणि त्याची पहिली नोंद जकातीची आहे.

प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या पुढाकाराने १ जानेवारी १८३४ रोजी जकात संघ अस्तित्वात आला. १८ राज्यं, सुमारे २ कोटी ३० लाख लोक. आदल्या रात्री नाक्यांवर मालाने लादलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि बाराच्या ठोक्याला अडसर वर गेले, असं वर्णन इतिहासकारांनी करून ठेवलं आहे. ऑस्ट्रिया या संघाबाहेर राहिला. पुढे ‘जर्मनी’ म्हणून जो नकाशा तयार झाला, त्याची ढोबळ रेघ तेव्हाच आखली गेली.

पाठोपाठ रेल्वे आली. डिसेंबर १८३५ मध्ये न्यूरेंबर्ग ते फ्यूर्ट ही जेमतेम सहा किलोमीटरची गाडी धावली, तेव्हा इंजिन इंग्लंडचं होतं आणि चालकही इंग्रज. पण १८५० पर्यंत जर्मन राज्यांत जवळपास सहा हजार किलोमीटर रूळ पडले आणि बर्लिनचा बोर्झिग कारखाना स्वतःची इंजिनं बनवू लागला. एसेनच्या क्रुप कंपनीने बिनजोड पोलादी धावा बनवून रेल्वेच्या चाकांवर चढवल्या. एकमेकींत अडकलेल्या तीन कड्यांचं क्रुपचं बोधचिन्ह या धावांवरून घेतलं आहे. तोफांसाठी ही कंपनी जगाला ठाऊक झाली. तिची भरभराट मात्र आधी रेल्वेच्या मागणीवर झाली.

दरम्यान, १८४८ च्या क्रांतीत वकील, प्राध्यापक आणि अधिकारी फ्रँकफुर्टच्या चर्चमध्ये संसद भरवून बसले. त्यांना राज्यघटना, नागरी हक्क आणि एकसंध राष्ट्र हवं होतं. त्यांनी देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजाने १८४९ मध्ये नाकारला. लोकांच्या हातून तो घेणं त्याला कमीपणाचं वाटलं. संसद विरली. राष्ट्राची मागणी उरली आणि ती दरबाराच्या हाती गेली.

तिचा उपयोग ओळखला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने. ऑस्ट्रियाविरुद्धच्या १८६६ च्या युद्धात प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टकेने पाच रेल्वेमार्गांवरून फौजा सीमेवर उतरवल्या, ऑस्ट्रियाच्या हाती एकच मार्ग होता. क्योनिगग्रेट्झच्या एका लढाईने ऑस्ट्रियाला जर्मन राजकारणातून हद्दपार केलं. १८७० मध्ये फ्रान्सचाही पाडाव झाला आणि १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. समोर गणवेशातले राजे आणि अधिकारी होते. निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींना तिथे स्थान नव्हतं.

फ्रान्सकडून वसूल झालेल्या पाच अब्ज फ्रँकच्या खंडणीने तेजीला हवा दिली. १८७३ मध्ये शेअर बाजार कोसळला. लोखंडाचे भाव पडले. रशिया-अमेरिकेच्या स्वस्त धान्याने पूर्वेकडचे जमीनदार घायकुतीला आले. आजवर एकमेकांकडे संशयाने पाहणारे कारखानदार आणि जमीनदार १८७९ मध्ये एकत्र आले आणि लोखंड व धान्य या दोन्हींच्या आयातीवर जकात बसली. ज्या जकातीविरुद्ध जर्मन राष्ट्रवाद उभा राहिला होता, तीच आता देशभक्तीची खूण ठरली!

वसाहतींची ओरड याच मंदीत वाढली. बाजारपेठ मिळेल, कच्चा माल मिळेल, देशांतर करणारे जर्मन ‘आपल्याच’ भूमीत राहतील, शिवाय कामगार समाजवाद्यांच्या नादी लागणार नाहीत, असा हिशेब होता. बिस्मार्कला स्वतःला वसाहती म्हणजे नसता खर्च वाटे. पण १८८४ हे निवडणुकीचं वर्ष होतं. ब्रेमेनच्या ल्युडेरिट्झ या व्यापाऱ्याने नैऋत्य आफ्रिकेत बळकावलेल्या किनारपट्टीला बिस्मार्कने सरकारी संरक्षण दिलं. त्याच नोव्हेंबरात १४ देशांचे प्रतिनिधी त्याच्या बर्लिनच्या निवासस्थानी बसले आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हक्क सांगायचा तर प्रत्यक्ष ताबा दाखवा, असा नियम ठरला. आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी तिथे नव्हता.

व्यवहार म्हणून हा धंदा आतबट्ट्याचाच ठरला. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरही जर्मनीच्या परदेशी व्यापारात वसाहतींचा वाटा एक टक्क्याहून कमी होता. त्याची किंमत आफ्रिकी लोकांनी मोजली. त्याच नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जमीन आणि गुरं गमावलेले हेरेरो लोक १९०४ मध्ये उठले. जनरल फॉन ट्रोथाने त्यांना वाळवंटात हाकललं आणि दिसेल त्या हेरेरोला गोळी घालण्याचा हुकूम काढला. पुढे तिथले नामा लोकही लढ्यात उतरले. युद्धकैद्यांना ल्युडेरिट्झ बंदरातून निघणाऱ्या रेल्वेच्या कामावर जुंपलं गेलं. त्यातले निम्म्याहून अधिक मेले.

या युद्धासाठी वाढीव पैसे द्यायला जर्मन संसदेने डिसेंबर १९०६ मध्ये नकार दिला. चॅन्सेलर ब्यूलोने संसद बरखास्त केली आणि विरोधकांना राष्ट्रद्रोही ठरवत निवडणूक लढवली. समाजवाद्यांची मतं वाढली, तरी जागा ८१ वरून ४३ वर आल्या. वसाहतीने तिजोरी भरली नाही, पण ती मतपेटीत कामी आली. फायद्याचा हिशेब मांडून साम्राज्यवाद समजत नाही, तो इथे समजतो. नफा-तोट्याचं बोलणाऱ्याला ‘तू देशाच्या बाजूने की विरुद्ध?’ असं विचारता आलं की हिशेब मागणाराच गुन्हेगार ठरतो, आणि ब्यूलोने नेमकं तेच विचारलं होतं.