आधी बुश, मग बाकीची हौस

बीएमडब्ल्यूने २००७ साली चेन्नईच्या कारखान्यात ३ सिरीज जोडायला सुरुवात केली. त्या वेळची ‘ई-९०’ पिढीची सेदान आज जुन्या बाजारात साध्या हॅचबॅकच्या भावात मिळते, आणि घेणाऱ्याला पहिली हौस सुचते ती कडक स्प्रिंग टाकून गाडी इंचभर खाली बसवण्याची. पण पोलादी स्प्रिंग सहसा वर्षानुवर्षे टिकते; झिजते ते रबर आणि शॉकअपचे सील. या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला खालून दोन वेगळे आर्म धरतात आणि त्यांतल्या एकाच्या सांध्यात बसवलेल्या बुशमध्ये रबराच्या पोटात द्रव भरलेला असतो. रबर फाटले की द्रव गळतो आणि वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते. मग दोष डिस्कवर येतो, डिस्क बदलली जाते, थरथर मात्र राहते. अशा ढिल्या सांध्यांवर कडक स्प्रिंग चढवली तर प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच फाटक्या रबरावर आणखी जोरात बसतो.

‘मजुरी एकदाच द्यायची, तर एकदमच चांगले सामान का घालू नये?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि शॉकअपपुरते त्याचे उत्तर ‘जरूर घाला’ असेच आहे. बिलस्टाइन कंपनीचा बी-४ हा मूळ शॉकअपच्या जागी बसणारा, बी-६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी अधिक घट्ट, तर बी-८ आखूड स्प्रिंगसाठी. आपल्या रस्त्यांना बी-६ पुरतो. आखूड स्प्रिंगने चाकाला वर जायला जागाच उरत नाही. गतिरोधकावर गाडी थेट बंप स्टॉपवर आदळते, म्हणजे पैसे मोजून सस्पेन्शन घालवल्यासारखेच! शॉकअप उतरवलेच आहेत, तर वरची माउंटिंग आणि बंप स्टॉपही बदलावेत. वाचवलेले दोन-चार हजार पुढे पुन्हा मजुरीत जातात.

‘पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात’ असेही सांगतात. टिकतही असतील, पण काही आर्मना एकाच वेळी दोन-तीन दिशांना लवावे लागते. कडक बुश तिथे अडतो, करकरतो आणि कंपने थेट आसनापर्यंत पोचवतो. रोजच्या गाडीला रबरच बरे. आणि मुळात ही गाडी कडक वाटते, त्यात बराच वाटा तिच्या मूळच्या, हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या रन-फ्लॅट टायरच्या जाड भिंतींचा आहे. साधे टायर घातले तर फरक लगेच जाणवतो, फक्त डिकीत स्टेपनी नसते याची सोय आधी बघावी.

खरी मेख बसवण्यात आहे. बुशचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. गाडी लिफ्टवर, चाके लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून काम ठरवताना भावाआधी विचारावे, बोल्ट शेवटचे चाकांवर वजन आल्यावर आवळणार ना, आणि त्यानंतर अलाइनमेंट कुठे करून घेणार.