संजीवकं: ग्रॅमचा हिशेब

जपानमध्ये भाताची रोपं भलतीच उंच वाढून कोलमडायची. यामागे बुरशीतून निघणारं द्रव्य आहे, हे शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. त्यालाच पुढे जिबरेलिन हे नाव मिळालं. हे संजीवक उसातही कांडीतल्या पेशी लांबवतं. सायटोकायनिन गटातलं ६-बीए फुटव्यांना चालना देतं. इथेफॉन मात्र पक्वतेसाठीही वापरतात; अवेळी फवारलं तर वाढच थांबायची.

जिबरेलिक ॲसिड या जिबरेलिनची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. १०० लिटर पाण्यात शुद्ध १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. बाटलीतलं द्रावण असेल, तर त्यातलं प्रमाण पाहूनच हिशेब करावा. ‘अंदाजे एक झाकण’ इथे चालत नाही.

पेशी लांबते ती पाण्यानं फुगून. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलेल्या लातुरात हे वेगळं सांगायला नको. ताणावरच्या उसावर फवारणी म्हणजे पैसे वाया.

जिबरेलिक ॲसिडची नोंदणी कीटकनाशक कायदा, १९६८ खाली होते. जैवउत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली. लेबलवर नोंदणी क्रमांक नसलेली ‘टॉनिकं’ दुकानातच राहू द्यावीत.