सोर्डफिश : संथ विमानाभोवतीचे समज

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने वापरलेल्या फेअरी सोर्डफिश या द्विपंखी विमानाविषयी एक कथा सर्रास सांगितली जाते : लाकूड आणि कापडाचे हे विमान जन्मतःच कालबाह्य होते, मात्र ते इतके संथ उडे की शत्रूच्या तोफांना नेमच धरता येईना, आणि म्हणून ते यशस्वी झाले. या कथेत विमानाचे कौतुक भरपूर असले, तरी त्यात बसलेल्या माणसांचे कौशल्य आणि त्यांनी मोजलेली किंमत या दोन्ही गोष्टी तिच्यात हरवून जातात.

सोर्डफिशचा सांगाडा लाकडी नव्हता. तो पोलादी नळ्या आणि ड्युराल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता, व कापड होते ते केवळ वरच्या आवरणापुरते. ‘स्ट्रिंगबॅग’ हे तिचे टोपणनावही पंखांमधल्या तारांमुळे पडले असे अनेकांना वाटते; वस्तुतः त्या नावाचा रोख दोऱ्याच्या जाळीदार बाजारपिशवीकडे होता, कारण त्या पिशवीप्रमाणेच या विमानातही पाणतीर, सुरुंग, बॉम्ब, प्रकाशगोळे असे काहीही सामावून जाई.

1934 साली प्रथम उडालेले आणि 1936 मध्ये नौदलात आलेले हे विमान ताशी जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर वेग गाठी, हे खरे आहे. परंतु विमानवाहू नौकेच्या आखूड फळीवरून सुमारे 730 किलोचा पाणतीर, म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या यंत्रशक्तीने धावणारे अस्त्र, उचलायचा असेल, तर कमी वेगातही भरपूर उचल देणारे दुहेरी पंख हा त्या काळी विचारपूर्वक काढलेला मार्ग होता. शिवाय त्या काळचा पाणतीर सोडण्यासाठी कोणत्याही विमानाला पाण्यालगत, सरळ रेषेत आणि मंद गतीने जावेच लागे. जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत अमेरिकेच्या एका तुकडीची सर्व 15 डेव्हास्टेटर विमाने पडली आणि त्यांतील 30 जणांपैकी एकच वाचला. ती विमाने एकपंखी आणि कितीतरी वेगवान होती. धोका मुख्यतः त्या कामातच होता.

इटलीतील टारांटो बंदरावरचा 11 नोव्हेंबर 1940 च्या रात्रीचा हल्ला या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. ‘इलस्ट्रियस’ नौकेवरून निघालेल्या 21 विमानांपैकी केवळ 11 विमानांवर पाणतीर होते. उरलेल्यांकडे बॉम्ब आणि आकाश उजळणारे प्रकाशगोळे होते. दूरचा पल्ला गाठण्यासाठी निरीक्षकाच्या जागी इंधनाची जादा टाकी बांधण्यात आली, त्यामुळे तिघांच्या चमूतील एकाला मागे राहावे लागले. बंदर उथळ असल्याने पाणतीर तळाच्या चिखलात रुतण्याची भीती होती. त्यावर उपाय म्हणून विमानाखालच्या रिळाला गुंडाळलेली एक तार पाणतिराच्या नाकाला जोडण्यात आली, जेणेकरून तो सुटताच तार नाक वर ओढून धरी आणि पाणतीर टोकावर न पडता पोटावर आपटे. तीन युद्धनौकांना तडाखा बसला, त्यांपैकी ‘कोंते दी कावूर’ पुन्हा कधीच सेवेत आली नाही, आणि ब्रिटिशांनी दोन विमाने गमावली. हे यश अंधाराचे आणि तयारीचे होते.

‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या बाबतीत तर एक चूकच उपयोगी पडली. 26 मे 1941 रोजी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरील विमानांनी खराब हवेत आपल्याच ‘शेफील्ड’ या क्रूझरवर पाणतीर सोडले. पण त्यांची चुंबकीय स्फोटयंत्रणा सदोष निघाली व काही पाणतीर पाण्यावर आदळताच फुटले. म्हणून संध्याकाळच्या दुसऱ्या हल्ल्यासाठी थेट आघाताने फुटणारी यंत्रणा बसवण्यात आली, आणि त्यांतल्याच एका पाणतिराने जर्मन नौकेचे सुकाणू जखडून टाकले. त्या हल्ल्यात एकही सोर्डफिश पडली नाही, आणि संथपणाच्या कवचाची कथा प्रामुख्याने येथूनच निघते. मात्र विमाने गोळ्यांनी चाळण होऊन परतली होती, आणि त्या सायंकाळी खाली उतरलेले ढग, उसळता समुद्र व शत्रूच्या लढाऊ विमानांचा अभाव या तिन्ही गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या.

त्या गोष्टी नसल्या की काय होते, हे 12 फेब्रुवारी 1942 रोजी दिसले. ‘बिस्मार्क’वरील पहिल्या सोर्डफिश-हल्ल्याचे नेतृत्व केलेले युजीन एस्मंड हे अधिकारी सहा सोर्डफिश घेऊन, संरक्षणासाठी ठरलेल्या लढाऊ विमानांपैकी फार थोडीच वेळेवर पोहोचलेली असताना, इंग्लिश खाडीतून भरदिवसा निघालेल्या जर्मन युद्धनौकांवर चालून गेले. सहाही विमाने पडली. 18 जणांपैकी 13 जण, एस्मंडसह, मारले गेले. एस्मंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्याच वर्षी 5 एप्रिलला श्रीलंकेत त्रिंकोमालीहून कोलंबोकडे निघालेल्या सहा सोर्डफिश जपानी झीरो विमानांनी अशाच पाडल्या.

यानंतर हे विमान निवृत्त झाले, हा समजही चुकीचा आहे. तिची जागा घेण्यासाठी आलेले बंदिस्त कक्षाचे ‘अल्बकोर’ आधीच बाजूला पडले, तर सोर्डफिशचे उत्पादन 1944 पर्यंत चालू राहिले, कारण पाणबुड्यांच्या शोधात तिला नवे काम मिळाले होते. पुढच्या आवृत्तीत खालच्या पंखांना धातूचा पत्रा लावण्यात आला, जेणेकरून रॉकेटच्या ज्वाळेने कापड पेटू नये; मे 1943 मध्ये ‘यू-752’ ही पाणबुडी अशाच रॉकेटांनी बुडाली. संथपणाचा खरा लाभ झाला तो येथे : धान्य वाहणाऱ्या व्यापारी जहाजांवर जेमतेम सव्वाशे मीटरची फळी बसवून तीन-चार सोर्डफिश ठेवल्या जात, आणि अटलांटिकच्या हेलकाव्यांतही त्या तेवढ्या जागेवरून उडत व परत येऊन उतरत.