पंखा फिरतो, पण पडदा काळा!

संगणकाचे बटण दाबले. पेटीवरचा छोटा दिवा लागला, आतला पंखा घरघरू लागला; पण पडद्यावर काहीच नाही! एक मिनिट गेले, पाच गेली, तरी पडदा आपला काळा तो काळाच. अशा वेळी घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘कॉम्प्युटर उडाला’ हे पहिले आणि ‘आतले सगळे गेले’ हे दुसरे. विद्यार्थी मित्रांनो, ही दोन्ही वाक्ये तपासणीच्या आधी उच्चारलेली असतात, म्हणून त्यांवर लगेच विश्वास ठेवू नका.

वाशीम जिल्ह्यातल्या शाळांना आणि घरांना असा प्रसंग अपरिचित नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे सहसा जूनच्या अखेरीस उघडतात. रिसोड, मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातील एखाद्या शाळेचा संगणक सुट्टीभर कापडाखाली पडून राहतो. त्यावर आधी उन्हाळ्याची धूळ बसते, मग पहिल्या पावसाची दमट हवा लागते. पुढे ऑक्टोबरात मळणीयंत्रे सुरू झाली की सोयाबीनचे कुटार आणि धूळ खिडकीतून घरात येते. पेटीतला पंखा हवा ओढताना तीही आत ओढून घेतो. नेमका त्याच सुमारास कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, कुणाला प्रकल्प पूर्ण करायचा असतो. अवजड पेटी आणि मॉनिटर घेऊन तालुक्याच्या गावाला जायचे, दिवस मोडायचा, आणि तेथे कळायचे की एक केबल सैल होती! हे टाळता येईल का? पुष्कळदा येईल. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. विचारांची शिस्त मात्र लागते.

फिरणारा पंखा काय सांगतो?

पंखा फिरतो आहे म्हणजे संगणक चालू आहे, असे आपण सहज धरून चालतो. पण पंखा खरोखर काय सांगतो ते पाहू या.

घरातील वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते. संगणकाला लागते ती एकाच दिशेने वाहणारी, कमी दाबाची वीज. हा बदल करणारी धातूची डबी पेटीच्या मागच्या बाजूस असते. तिला एसएमपीएस म्हणतात. तिच्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे निरनिराळे दाब बाहेर पडतात. पंखा चालतो १२ व्होल्टवर. म्हणून पंखा फिरला तर १२ व्होल्टची वाट उघडी आहे, एवढेच सिद्ध होते. बाकीचे दाब ठीक आहेत की नाहीत, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. संगणकाचा मेंदू असलेला प्रोसेसर तर साधारण १ व्होल्टच्या आसपास चालतो, आणि हा दाब मदरबोर्डवरच वेगळा तयार करावा लागतो. मोटेवर पाणी आले म्हणून ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचलेच, असे कुणी शेतकरी म्हणेल का?

बटण दाबल्यावरचे काही क्षण

बटण दाबल्यावर सर्व दाब स्थिर झाले की एसएमपीएस मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. सेकंदाच्या काही दशांश भागातच हे घडते. तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते. संकेत मिळताच प्रोसेसर एका ठरलेल्या जागेवरून पहिली सूचना वाचतो. ही सूचना मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची लिहून ठेवलेली असते. त्या प्रारंभीच्या कार्यक्रमाला बायॉस म्हणतात. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआय या त्याच्या सुधारित भावंडाने घेतली आहे.

हा कार्यक्रम सर्वांत आधी संगणकाची स्वपरीक्षा घेतो. प्रोसेसर ठीक आहे का? स्मृती, म्हणजे रॅम, जागेवर आहे का? चित्र तयार करणारा भाग उत्तर देतो का? या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरच पडद्यावर काही उमटते. हार्ड डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स वाचण्याचे काम त्याच्याही नंतरचे.

या क्रमातून एक दिलासा मिळतो. संगणक स्वपरीक्षेतच अडकला असेल, तर त्याने तुमच्या फायली ठेवलेल्या डिस्कला अजून हातही लावलेला नाही. पडदा काळा आहे, एवढ्यावरून फायली गेल्या असे मुळीच ठरत नाही. म्हणून ‘सगळे पुसून नव्याने टाकून देतो’ असे कुणी म्हटले, तर आधी बिघाड कोठे आहे ते विचारा.

अर्ध्यात कापा

आता बिघाड कोठे आहे हे शोधायचे कसे? संगणकात शेकडो सुटे भाग असतात. एकेक भाग बदलत बसलो तर दिवस पुरणार नाही आणि पैसाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफरॅक’ नावाचा संगणक कार्यान्वित झाला. भारतात बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. समजा, एका रांगेत एकापुढे एक २७०० भाग जोडलेले आहेत आणि त्यांतला एकच बिघडला आहे. एकेक तपासला तर २७०० वेळा तपासण्याची पाळी येऊ शकते. पण रांगेच्या बरोबर मध्यावर संकेत पोहोचतो का, एवढेच पाहिले तर? पोहोचला तर पहिला अर्धा भाग निर्दोष, नाही पोहोचला तर दोष त्याच अर्ध्यात. एका तपासणीत १३५० भाग बाद! पुन्हा अर्धे केले की ६७५ उरतात. असे करत गेल्यास १२ तपासण्यांत दोषी भाग हाती लागतो. कागदावर करून पाहा.

आपल्या संगणकाची रांग अशी आहे: भिंतीवरचा प्लग, एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, चित्र तयार करणारा भाग, केबल, मॉनिटर. ही रांग अर्ध्यात कापायची तर पहिला प्रश्न असा: दोष पेटीत आहे की मॉनिटरकडे? पेटी न उघडता याचे उत्तर मिळवण्याच्या तीन कसोट्या आहेत.

तीन सोप्या कसोट्या

पहिली कसोटी मॉनिटरची. त्याची विजेची वायर तशीच ठेवा आणि संगणकाकडून येणारी केबल काढा. आता मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करा. ‘नो सिग्नल’ किंवा अशा अर्थाची अक्षरे क्षणभर तरी दिसली, तर मॉनिटरला तूर्त निर्दोष समजायला हरकत नाही. कारण ती अक्षरे मॉनिटरच्या स्वतःच्या मंडलाने काढलेली असतात. संगणकाचा त्यांच्याशी संबंध नसतो.

दुसरी कसोटी कळफलकाची. संगणक चालू करून दोन मिनिटे थांबा. मग वायरचा कळफलक घेऊन ‘कॅप्स लॉक’ची कळ दाबा. तिचा दिवा लागतो आणि पुन्हा दाबल्यावर विझतो का? तुम्हाला वाटेल, कळ दाबली की दिवा लागणारच, त्यात काय! गंमत अशी, की हा दिवा कळफलक आपल्या मर्जीने लावत नाही. कळ दाबल्याची वर्दी संगणकाला जाते, आणि ‘दिवा लाव’ हा हुकूम संगणकाकडून परत येतो. म्हणून दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर आणि रॅम काम करत आहेत. दोष पुढे, म्हणजे चित्र तयार होण्यात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे.

तिसरी कसोटी टॉर्चची. खोलीत अंधार करा आणि पडद्यावर तिरका प्रकाश टाका. आजच्या पडद्यात चित्र घडवणारा द्रव स्फटिकांचा थर वेगळा आणि त्यामागे उजेड देणारा दिवा वेगळा असतो. टॉर्चच्या प्रकाशात पुसटसे चित्र दिसले, तर चित्र येत आहे, पण मागचा दिवा गेला आहे.

दोष पुढच्या अर्ध्यात दिसला तर केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. तिच्या पिना वाकल्या आहेत का ते पाहा. मॉनिटरच्या बटणांनी योग्य मार्ग, व्हीजीए की एचडीएमआय, निवडला आहे का ते तपासा. पेटीच्या मागे चित्राची खाच दोन ठिकाणी असेल, तर वेगळे ग्राफिक कार्ड बसवलेले असते. केबल त्या कार्डाच्या खाचेत हवी. साफसफाईनंतर ती चुकीच्या खाचेत जाणे अगदी सहज शक्य असते.

पेटी उघडण्यापूर्वी

कॅप्स लॉक मुका राहिला तर दोष पेटीत आहे. आता थोडी सावधगिरी. हे काम शिक्षक किंवा घरातील मोठ्या माणसासमोरच करा. भिंतीवरचा प्लग काढा, केवळ बटण बंद करून भागणार नाही. मग संगणकाचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाईल.

एसएमपीएसची डबी मात्र कधीही उघडू नका. २३० ला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने गुणा. उत्तर सुमारे ३२५ येते. तेवढ्या व्होल्टचा भार त्या डबीतील धारित्रांत प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. शाळेच्या अडगळीत जुना, काचेच्या फुगीर नळीचा मॉनिटर असेल, तर त्याचीही पाठ उघडायची नाही. चालू असताना त्याच्या नळीला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो.

आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर विद्युत साठते. दाराच्या कडीला हात लावताच बसणारा बारीक झटका आपल्याला जाणवतो, तेव्हा दाब सुमारे ३००० व्होल्ट असतो. प्रवाह अत्यल्प असल्याने आपल्याला इजा होत नाही. चिप मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबानेही बिघडू शकते.

पहिला संशयित: रॅम

रॅमच्या पट्टीवर सोनेरी स्पर्शके असतात. डीडीआर-४ प्रकारच्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून ती २८८ असतात. धूळ, दमटपणा किंवा पट्टी किंचित वर सरकणे यांमुळे त्यांतील एखाददुसऱ्याचा स्पर्श तुटला, तरी स्वपरीक्षा थांबू शकते. आणि रॅमशिवाय चित्र कसे उमटणार? १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट जागा लागते. वेगळे ग्राफिक कार्ड नसेल, तर ही जागा रॅममधूनच मिळते.

पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खुंट्या उघडून ती सरळ वर काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने स्पर्शके हलकेच पुसा. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. रबराचा चुरा पेटीपासून दूर झटका. मऊ कोरड्या ब्रशने खाचेतील धूळ काढा आणि पट्टी खुंटी ‘टक्’ वाजेपर्यंत समान दाबून बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकच लावून पाहा, मग दुसरी. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटे धीर धरा. काही नवे मदरबोर्ड बदललेली रॅम ओळखायला वेळ घेतात.

कान आणि डोळेही उघडे ठेवा. पडदा मुका असताना संगणक ‘बीप’ आवाजाने बोलतो. बीपची भाषा मदरबोर्डच्या निर्मात्याप्रमाणे बदलते, म्हणून तिचा अर्थ त्याच्या पुस्तिकेत पाहावा. अनेक नव्या मदरबोर्डांवर बीपऐवजी बारीक दिवे असतात आणि परीक्षा जेथे अडली तेथला दिवा लागून राहतो.

अजूनही अंधारच असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटे काढून परत बसवा. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, असा त्या आकड्याचा अर्थ. ती काढल्यावर बहुतेक संगणकांत चुकीच्या झालेल्या प्रारंभिक नोंदी मूळपदावर येतात. शाळेत तसाच दुसरा चालू संगणक असेल, तर त्याची पट्टी किंवा केबल लावून पाहणे ही सर्वांत खात्रीची कसोटी. दोन बंद संगणकांतून एक चालू संगणक तयार होणे काही दुर्मीळ नाही. एसएमपीएस, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड यांवरच संशय उरला, तर थांबा आणि कारागिराकडे जा. पण आता तुम्ही त्याला ‘बंद आहे’ एवढेच सांगणार नाही. काय काय तपासले आणि काय आढळले, हे सांगाल. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.

एक बदल, एक नोंद

या सगळ्यात एक नियम मोडू नका: एका वेळी एकच बदल करा. रॅम पुसली, केबल बदलली आणि बॅटरीही काढली. त्यानंतर पडदा उजळला तर श्रेय कोणाला द्याल? पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! प्रयोगशाळेत आपण एकच घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतो, तोच हा नियम.

आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क-२ हा संगणक ९ सप्टेंबर १९४७ रोजी अडला, तेव्हा त्याच्या एका रिलेत पतंग सापडला. ‘बग’, म्हणजे किडा, हा शब्द तेथील अभियंते बिघाडासाठी आधीपासूनच वापरत असत. येथे तर खराच किडा निघाला! तेथील लोकांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवले आहे.

तुमच्या शाळेच्या संगणक कक्षातही अशी एक वही टांगा. तारीख, संगणकाचा क्रमांक, काय दिसले, काय एक बदलले आणि मग काय झाले, असे पाच रकाने आखले की पुरे. वर्षभराने ती चाळून पाहा. कोणत्या महिन्यात, कोणत्या कारणाने पडदे काळे पडतात, हे तुमच्या गावापुरते ती वहीच सांगू लागेल.