काळा-पांढरा फोटो : हुन्नर आणि हिफाजत

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. रंगाची परख हीच आमची रोजीरोटी. मग बिनरंगी फोटोबद्दल आम्ही का लिहावे, असे काही वाचक बंधूंना वाटेल. पण मालेगावातील एका जुन्या स्टुडिओत आम्ही तरुणपणी पुष्कळ बसलो आहोत. हे काम रंगाऱ्याच्या कामाचेच भावंड आहे, हे तेथे आम्हाला कळले.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. उजेड पडला की त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. डेव्हलपरच्या द्रावणात या क्षारांची काळी चांदी बनते आणि उजेड न लागलेले क्षार हायपो विरघळवून टाकतो. नंतर हा हायपोसुद्धा वाहत्या पाण्याने पुरता काढावा लागतो. रंगाईत शेवटची धुलाई चुकवणारा कारीगर पहिल्याच धुण्यात उघडा पडतो. फोटोवाला वीस वर्षांनी पडतो, एवढाच फरक. डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसवर वापरतात. आपल्याकडे मे महिन्यात ते कोठून मिळणार? म्हणून स्टुडिओत द्रावणाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवत.

आता फोटो काढण्याविषयी. लाल साडी आणि हिरवा दुपट्टा शेजारी ठेवून काळा-पांढरा फोटो काढा, पुष्कळदा दोन्ही एकाच राखाडी रंगाचे येतील. आम्हा कापडवाल्यांची येथेच फजिती होते. फोटो काढताना रंग विसरून उजेड आणि सावली पाहावी लागते. डोळे किलकिले करून पाहिले की ते थोडेफार जमते. डोंगर, नदी घ्यायची असेल तर आकाशाची अडचण येते. निळे आकाश फिल्मवर जवळजवळ पांढरे उतरते आणि ढग त्यात हरवतात. भिंगावर पिवळी काच लावली तर आकाश थोडे गडद होते, नारिंगी लावली तर अधिक. गल्लीबाजारासाठी फजरनंतरचा किंवा असरनंतरचा तिरपा उजेड उत्तम. दुपारच्या उन्हात टोपीखालचा चेहरा काळा पडतो. मागाच्या कारखान्यात आत अंधार आणि खिडकीत ऊन असते. तेथे अंधाराचा हिशेब धरून उजेड द्यावा, कारण सावलीत फिल्मवर जे उतरलेच नाही ते नंतर कोणत्याही द्रावणाने येत नाही.

तसवीरच्या मसल्यात उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना चेहरे नकोत त्यांनी इमारती, घाट, झाडे घ्यावीत. लखनौचे दारोगा हाजी अब्बास अली हे नगरपालिकेत इंजिनिअर होते. त्यांनी १८७४ साली शहराच्या ५० फोटोंचा अल्बम छापला. १८५७ नंतर इंग्रजांनी त्या शहराचा मोठा भाग पाडला होता. उरलेले लखनौ कसे दिसत होते, हे आज त्या अल्बममध्ये पाहता येते.

आपल्या शहराचे असे किती उरले आहे? आम्ही ज्या स्टुडिओत बसायचो त्याचे मालक वारले. काही महिन्यांनी आमच्या मोहल्ल्यातील हातमागांच्या फोटोची प्रत मागायला आम्ही गेलो, तेव्हा निगेटिव्हची पोती किलोच्या भावाने भंगारात गेली होती. निगेटिव्हमधून चांदी काढणारे असतात. मुलांना दोष काय द्यावा, त्यांना दुकान रिकामे करायचे होते. माळ्यावर राहिलेला एक डबा त्यांनी आम्हाला तसाच दिला.

डब्यातील काही निगेटिव्हना सिरक्याचा वास येत होता. याचा अर्थ फिल्मचा पाया सडू लागला आहे. अशा निगेटिव्ह ताबडतोब वेगळ्या कराव्यात, नाहीतर चांगल्याही बिघडतात. बाकीच्या आम्ही आम्लरहित कागदाच्या पाकिटांत एकेक करून ठेवल्या. साधी प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, तिच्यात ओल कोंडते. पाकिटावर जागा आणि साल आधी पेन्सिलीने लिहावे आणि मगच निगेटिव्ह आत घालावी. कपाट कोरड्या, थंड खोलीत असावे, पत्र्याखालच्या माळ्यावर नव्हे. प्रत हवी असेल तर आता डार्करूमही लागत नाही. पांढऱ्या उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून मोबाईलने फोटो घ्यावा आणि तो उलटा करावा.

ज्यांच्या घरी जुना स्टुडिओ आहे त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी डबे एकदा खिडकीसमोर धरून पाहावेत. आमच्या डब्यात हातमागांच्या सात निगेटिव्ह निघाल्या. त्यांपैकी एकीत मागावर बसलेले बुजुर्ग कोण, हे मोहल्ल्यात अजून कोणी ओळखलेले नाही.