उद्रेकाचे शब्द आणि दोषाचे माप

राग, रडू, हसू किंवा आक्रोश एकाएकी उसळून बाहेर पडतो, त्यासाठी इंग्रजीत जी विपुल शब्दसंपदा आहे तिच्यात ‘आउटबर्स्ट’ हा त्यातल्या त्यात तटस्थ शब्द असून, सभागृहातील खासदार, मैदानावरील खेळाडू आणि न्यायालयातील साक्षीदार या तिघांनाही तो सारखाच लावता येतो. बाकीचे बहुतेक शब्द इतके निष्पाप नाहीत. उद्रेक झाल्याची वार्ता देता देताच, तो करणारा माणूस किती दोषी, किती हतबल आणि किती हास्यास्पद मानायचा याचा निकालही ते परस्पर देऊन टाकतात.

याची पहिली खूण क्रियापदांत सापडते. ‘टॅन्ट्रम’, म्हणजे लहान मुलाने हातपाय आपटून मांडलेले आकांडतांडव, इंग्रजीत ‘थ्रो’ केला जातो, आणि फेकण्याच्या या क्रियेत कर्त्याचा हेतू गृहीत असतो. म्हणूनच प्रौढ मंत्र्याच्या संतापाला वृत्तपत्राने टॅन्ट्रम म्हटले, की त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरजच संपते. याउलट ‘पॅरॉक्सिझम’ हा ग्रीक वैद्यकातून आलेला शब्द मुळात दुखणे उचल खाते त्या झटक्याचा असल्यामुळे, खोकला, हसू किंवा क्रोध यांपैकी कशाचाही पॅरॉक्सिझम आलेला माणूस त्याचा कर्ता न राहता भक्ष्य ठरतो.

‘टेम्पर’ या शब्दाचा प्रवास तर उलट्या दिशेने झाला आहे. योग्य प्रमाणात मिसळणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला असून, रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार शरीरद्रव्यांच्या मिश्रणावर माणसाचा स्वभाव ठरतो, असे मानणाऱ्या जुन्या युरोपीय वैद्यकाची छाया त्याच्यावर आहे. टेम्पर म्हणजे समतोल, म्हणून रागावलेला माणूस तो गमावतो, ‘लूज’ करतो. परंतु गमावण्याच्याच संदर्भात हा शब्द इतका वापरला गेला, की पुढे टेम्पर म्हणजेच राग असा अर्थ रूढ झाला, आणि आता एखाद्याला टेम्पर ‘आहे’ म्हणणे आणि त्याने तो ‘गमावला’ म्हणणे या दोन्हींतून संतापच व्यक्त होतो. वात, पित्त आणि कफ हे त्रिदोष मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आणि पित्त खवळणे हा वाक्प्रचार सहज वापरणाऱ्या मराठी वाचकाला हे शरीरशास्त्र फारसे परके वाटू नये.

शरीराची जागा पुढे यंत्राने घेतली. बाष्पयंत्राच्या युगाने वाफ मोकळी करण्याचा, म्हणजे ‘लेट ऑफ स्टीम’ हा प्रयोग दिला, विजेने फ्यूज उडवला, आणि अणुभट्टीचा गाभा अतिउष्णतेने वितळण्याला विसाव्या शतकाच्या मध्यास मिळालेले ‘मेल्टडाउन’ हे नाव, 1979 मधील थ्री माइल आयलंडच्या दुर्घटनेने सर्वतोमुखी झाल्यावर, शेअर बाजारापासून माणसाच्या मनापर्यंत पसरले. स्वमग्नतेच्या क्षेत्रातील तज्ज्ञांनी या शब्दाला दिलेला अर्थ मात्र खरोखर उपयोगाचा आहे. टॅन्ट्रममध्ये मुलाला काहीतरी मिळवायचे असते, तर आवाज, प्रकाश किंवा गर्दी यांचा मारा असह्य झाल्याने येणाऱ्या मेल्टडाउनमागे असा हेतू नसतो, हा भेद ते आवर्जून करतात.

काही शब्दांत दोष व्यक्तीवर न बसता संपूर्ण समूहावर बसतो. ‘अमॉक’ हा मूळचा मलय शब्द असून, कन्नूर येथे पोर्तुगीजांच्या सेवेत राहिलेल्या दुआर्ते बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी जावाच्या लोकांविषयी लिहिताना, शस्त्र उपसून दिसेल त्याला मारत सुटण्याच्या प्रकाराला हेच नाव दिले. वसाहतकाळातील युरोपीय लेखनात तो मलय माणसाचा जणू जातिस्वभावच होऊन बसला. ‘हिस्टेरिया’ने तेच स्त्रियांच्या बाबतीत केले, कारण त्याच्या मुळाशी गर्भाशय या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 च्या निदानपुस्तिकेतून हे निदान वगळले, तरी वादात आवाज चढवणाऱ्या स्त्रीला गप्प करण्यासाठी त्याचे विशेषणरूप अजून हाताशी असते.

या साऱ्या शब्दांहून अधिक परिणामकारक ठरला आहे तो ‘सडन’, म्हणजे आकस्मिक, हा साधा शब्द, कारण कायद्यात त्याच्यावर जन्मठेप अवलंबून असते. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 300 नुसार गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम गमावून केलेला वध खून ठरत नसे. मुंबईतील नानावटी खटल्यात, अपघाताच्या बचावाबरोबरच, याच अपवादाचा आधार घेण्यात आला होता. 27 एप्रिल 1959 रोजी दुपारी दीडच्या सुमारास प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची पत्नीची कबुली ऐकल्यानंतर नौदलातील कमांडर नानावटी यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि चारनंतर आहुजा यांचे घर गाठले; तेथे आहुजा गोळ्या लागून ठार झाले. मधल्या सुमारे तीन तासांत डोके शांत होण्यास पुरेसा अवधी होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये जन्मठेप कायम केली. तो निकाल पटण्याजोगा आहे, परंतु हाच निकष ताकद असमान असलेल्या ठिकाणी अन्याय करतो. तत्काळ प्रतिहल्ला करणे बलवानाला परवडते, वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या पत्नीचा भडका मात्र उशिरा उडतो. इंग्लंडमध्ये 1949 च्या डफी खटल्यापासून रूढ झालेला ‘आकस्मिक आणि तात्पुरता संयमलोप’ हा निकष, दहा वर्षे छळ सोसून झोपलेल्या पतीला पेटवून देणाऱ्या किरणजीत अहलुवालिया या पंजाबी महिलेच्या आड आला, आणि 1992 मध्ये अपील न्यायालयाने तिची खुनाची शिक्षा रद्द केली ती प्रक्षोभाच्या मुद्द्यावर नव्हे, तर मानसिक अवस्थेमुळे घटलेल्या जबाबदारीच्या मुद्द्यावर. ब्रिटिश संसदेने 2009 च्या कायद्यात संयमलोप आकस्मिक होता की नव्हता याने फरक पडत नाही, असे स्पष्ट नमूद केले. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये मात्र ‘गंभीर आणि आकस्मिक’ ही जोडी आजही कायम आहे.